उंबरा ओलांडणारे गाणे

चैत्र लागला म्हणजे ठाण्यापासून कल्याणापर्यंतच्या आपल्या गावांत दोन प्रकारचे मंडप उभे राहतात. एक मंडप वसंत व्याख्यानमालेचा. तेथे खुर्च्या ओळीने मांडलेल्या असतात, टेबलावर तांब्या-भांडे असते आणि श्रोते बहुधा वेळेवर येतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात घालून दिलेला हा परिपाठ गावोगाव गेला, तसा आपल्याकडेही रुजला. दुसरा मंडप भीमजयंतीचा. १४ एप्रिलला जयंती होते आणि पुढे कित्येक दिवस वस्तीवस्तीतून गायन पार्ट्यांचे कार्यक्रम चालतात. तेथे खुर्च्या थोड्या आणि माणसे फार, आणि रात्र चढेल तसा कार्यक्रम रंगत जातो. दोन्ही मंडप एकाच ऋतूत, एकाच गावात, पुष्कळदा एकाच संध्याकाळी उभे असतात. तथापि एका मंडपातला माणूस दुसऱ्यात सहसा दिसत नाही.

अशाच एका संध्याकाळची गोष्ट आम्हांस आठवते. व्याख्यान एका शाळेच्या सभागृहात चालले होते. विषय आता लक्षात नाही. गंभीर होता एवढे खरे. मध्येच रुळांच्या पलीकडून कर्ण्याचा आवाज येऊ लागला. ढोलकी, पेटी, टाळ्यांचा ठेका आणि त्या सर्वांवर चढलेला एक पहाडी गळा. वक्ते थबकले. श्रोत्यांत चुळबूळ झाली. चिटणिसांनी क्षमा मागितली आणि चार-सहा जण उठून खिडक्या लावू लागले. त्या चार-सहांत आम्हीही होतो. खिडकीचा खिट्टा लावता लावता तो आवाज आम्ही ओळखला. कोणीतरी प्रल्हाद शिंदे यांची तबकडी लावली होती. हाच गळा आमच्या घरी श्रावणात सत्यनारायणाची कथा सांगे, आषाढात पंढरीच्या वाटेवर नेई आणि भाद्रपदात गणपतीपुढे उभा करी. त्या वेळी आम्ही खिडक्या उघड्या ठेवीत असू, शेजाऱ्यांनाही ऐकू जावे म्हणून.

आवाज तोच, गायक तोच. मग एका वेळी खिडकी उघडावी आणि दुसऱ्या वेळी लावावी, असे का घडले? हा प्रश्न पुढे बरीच वर्षे आमच्या मनात राहिला. आज जे सांगावयाचे आहे ते त्यातूनच निघालेले आहे. प्रेमाचा आणि सर्वांना सामावून घेण्याचा संदेश देणारी गाणी लोकप्रिय होतात, घरोघर पोहोचतात. परंतु जो गळा तो संदेश घेऊन येतो, त्यालाही त्या घरात जागा मिळते काय, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती आपण थोडी करू.

लोकप्रिय मराठी गाण्याचे गेल्या शतकात दोन प्रवाह वाहत आले. पहिला प्रवाह आपल्या परिचयाचा आहे. तो आकाशवाणीवरून आणि चित्रपटांतून आला आणि बैठकीच्या खोलीत स्थिरावला. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले, ते आठवड्यास एक याप्रमाणे वर्षभर चालले, आणि ५६ गीतांनी महाराष्ट्रातील लहानथोरांना वेड लावले. याच प्रवाहातले एक मोठे नाव आपल्या ठाण्याचे आहे. निवृत्ती रावजी पाटील म्हणजेच जनकवी पी. सावळाराम. वसंत प्रभू यांच्या चाली आणि लता मंगेशकर यांचा कंठ यांच्या योगाने त्यांची गीते घराघरांत गेली. सासरी निघालेल्या मुलीची आई त्या गीतांनी रडली. ज्या कवीला लोकांनी असे उचलून धरले तो ठाण्याचा नगराध्यक्षही झाला, ही गोष्ट गावाला भूषणावह होय.

दुसरा प्रवाह चौकातला. त्याचा उगम सत्यशोधकी जलशांत आणि पुढे आंबेडकरी जलशांत सापडतो. १९२७ च्या महाडच्या आणि १९३० च्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहानंतर नवा विचार खेड्यापाड्यांत नेण्याचे काम भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी केले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना गाणे कळत होते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांना स्वतःलाच अक्षरओळख मोठेपणी झाली. तरी त्यांनी रचलेली गीते गायन पार्ट्यांनी वर्षानुवर्षे गायिली. याच प्रवाहाला मुंबईत कव्वालीची जोड मिळाली. १९५८ साली 'अल हिलाल' या चित्रपटातील इस्माइल आझाद यांच्या कव्वालीने सबंध शहर नादावले होते, आणि हा बाज मराठीत उतरण्यास वेळ लागला नाही. दोन पार्ट्या समोरासमोर बसावयाच्या, एकीने सवाल टाकावयाचा, दुसरीने जबाब द्यावयाचा, आणि ऐकणाऱ्यांनी पहाटेपर्यंत हलावयाचे नाही. गोविंद म्हशीलकर, श्रावण यशवंते ही त्या मैदानातली गाजलेली नावे. मुसलमान सूफींच्या दर्ग्यात वाढलेला गानप्रकार, मराठी शब्द आणि बाबासाहेबांचा विचार, असा तिहेरी गोफ येथे विणला गेला. तो कोणी ठरवून विणला नाही. गिरण्यांच्या आणि चाळींच्या शेजारात तो आपोआप विणला गेला.

हे दोन प्रवाह एकाच भाषेत, एकाच काळात वाहत होते. पहिल्याचा इतिहास आपण लिहून ठेवला आणि दुसऱ्याला गोंगाट म्हटले. प्रल्हाद शिंदे यांचे महत्त्व हे की, त्यांनी दुसऱ्या प्रवाहात पाय रोवून पहिल्याच्या दारात आवाज पोहोचविला.

त्यांचा जन्म १९३३ चा, गाव मंगळवेढे. हे नाव उच्चारताच वारकरी माणसाला दामाजी आठवतात, कान्होपात्रा आठवते आणि चोखोबा आठवतात. चोखामेळा महार. परंपरा असे सांगते की, १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. जे कूस अस्पृश्यांना गावाबाहेर ठेवण्याच्या कामी येई, तेच बांधताना त्यांना मरण यावे, यापरते दैवाचे विडंबन दुसरे नाही. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. आजही नामदेव पायरीच्या समोर ती आहे. पण ध्यानात घ्यावयाचे ते हे की, समाधी द्वारासमोर आहे, द्वाराच्या आत नाही. चोखोबांचे अभंग देवळात गायिले गेले. चोखोबांच्या जातीची माणसे मात्र सहाशे वर्षे बाहेरून कळसाला हात जोडून परतली. गाणे आत आणि गाणारा बाहेर, या आमच्या प्रश्नाचे हे सर्वांत जुने उदाहरण होय.

हे दार साने गुरुजींनी हलविले. त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागे केले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. दहा दिवसांनी मंदिर हरिजनांस खुले करण्याचे ठरले आणि उपोषण सुटले. गुरुजींनी लिहिलेली प्रेमधर्माची प्रार्थना आपण शाळेत म्हटली आहे. तिच्यामागे हे दहा दिवस उभे आहेत, हे मात्र मुलांना क्वचितच सांगितले जाते. प्रल्हाद शिंदे त्या वेळी १४ वर्षांचे होते. म्हणजे पुढे ज्याच्या गळ्याने लक्षावधींना विठ्ठलाच्या पायाशी नेले, त्याला वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत त्या विठ्ठलाच्या देवळाची पायरी चढण्याचा अधिकार नव्हता. आणि हे देऊळ मंगळवेढ्यापासून काही दूर नाही. एका दिवसाची पायवाट आहे.

येथे आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. दार उघडले तेव्हा पुष्कळजणांनी त्याच्याकडे पाठ फिरविलेली होती. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली होती, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लक्षावधी अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मंदिरप्रवेशापेक्षा माणूस म्हणून मान हवा, असा त्या समाजाचा निर्णय झालेला होता. दार उशिरा उघडणाऱ्यांनी पाहुणा का थांबला नाही अशी तक्रार करू नये.

अशा समाजातून, अशा काळात प्रल्हाद शिंदे गायला उभे राहिले. त्यांनी कव्वाल्या गायिल्या, भीमगीते गायिली, लोकगीते गायिली. आणि भक्तिगीते अशी गायिली की ती त्यांच्याच नावाने ओळखली गेली. 'पाऊले चालती पंढरीची वाट' हे दत्ता पाटील यांचे गीत मधुकर पाठक यांनी चालीत बांधले आणि शिंदे यांनी गायिले. त्यात तत्त्वज्ञानाचा पसारा नाही. संसाराने दमलेला, रोजच्या कष्टांनी वाकलेला माणूस त्यात आहे, आणि त्याला ओढणारी एक वाट आहे. तो माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या आळीचा, हे गाणे विचारीत नाही. दमलेल्याला जात नसते. या एका गुणामुळे ते गाणे गिरणीकामगाराचे झाले, कारकुनाचे झाले, आणि भाजीची पाटी घेऊन पहाटेची गाडी पकडणाऱ्या बाईचेही झाले.

लोकप्रिय गाण्याची ताकद कोठे असते, हे येथे पाहण्याजोगे आहे. ध्रुपद लहान असते, पुन्हा पुन्हा येते, आणि साथीदार ते उचलून धरतात. दुसऱ्या वेळेस ऐकणारा ते गुणगुणतो, तिसऱ्या वेळेस गातो. एकदा तोंडात आले की ते गाणे दुसऱ्याचे राहत नाही. ग्रंथ वाचणाऱ्याला आपण लेखकाहून निराळे आहोत याचे भान असते. गाणे म्हणणारा त्या वेळेपुरता गायकच होतो. म्हणून जो विचार व्याख्यानाने डोक्यापर्यंत जातो तो गाण्याने जिभेवर येऊन बसतो. मात्र या ताकदीत एक उणीवही आहे. जिभेवर आलेले मनात उतरेलच असा नेम नाही.

आमच्याच घरचे सांगतो. आमच्या घरी सत्यनारायणाच्या पूजेला शेजारून तबकडीचे यंत्र आणीत आणि शिंदे यांच्या आवाजातली कथा लावीत. आजी डोळे मिटून ऐके. आवाजात देव आहे, असे ती म्हणे. त्याच आजीने मागच्या दारी, कोनाड्यात, एक कान तुटलेला कप ठेवलेला होता. सकाळी झाडलोट करण्यास येणाऱ्या बाईंना त्यातून चहा मिळे. तो कप घरातल्या भांड्यांत कधी मिसळला नाही. आजी दुष्ट नव्हती. त्या बाईंच्या मुलीच्या लग्नाला तिने लुगडे दिले होते. पण पुढच्या खोलीतला आवाज आणि मागच्या दारचा कप यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे तिच्या ध्यानात आले नाही. आणि आम्ही शिकलेसवरलेले असून आम्हीही ते तिला सांगितले नाही. 'शिंदे' हे आडनाव महाराष्ट्रात अनेक जातींत आहे. त्यामुळे कोणी चौकशीच केली नाही. चौकशी झाली असती तर तबकडी बंद पडली असती काय? आम्हांस वाटते, पडली नसती. पण आजीने डोळे उघडले असते.

या कहाणीतले सर्वांत विलक्षण उदाहरण गणपतीच्या गाण्याचे आहे. 'तूच सुखकर्ता, तूच दुःखहर्ता' हे गाणे भाद्रपदात ज्याने ऐकले नाही असा माणूस ठाणे जिल्ह्यात सापडणे कठीण. सार्वजनिक मंडपात ते वाजते, मिरवणुकीत वाजते, घरच्या आरतीनंतर मुले ते म्हणतात. गायक प्रल्हाद शिंदे. आणि गीतकार? हरेंद्र जाधव. भीमजयंतीच्या मंडपात ज्यांची गीते आदराने गायिली जातात, बाबासाहेबांवर ज्यांनी गीतांमागून गीते रचली, तेच हे कवी. म्हणजे पुढच्या आळीतला गणपतीचा मंडप आणि रुळांपलीकडचा जयंतीचा मंडप यांना एकाच कवीचे शब्द आणि एकाच गायकाचा गळा पुरला.

आता कोणी विचारील की, धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. मग ही गीते कशी झाली? प्रश्न खोटा नाही, आणि तो त्या समाजातही विचारला गेला असल्यास नवल नाही. याचे एक उत्तर व्यवहाराचे आहे. गाणे हा पोटाचा धंदा होता. तबकडी काढणाऱ्या कंपन्यांना खपणारी गीते हवी होती, आणि श्रावण-भाद्रपदाचा हंगाम हाच खपाचा हंगाम. सोनाराने घडविलेला दागिना तो स्वतः घालतोच असे नाही. हे उत्तर खरे आहे, पण पुरे नाही. कारण नुसत्या धंद्याच्या गाण्यात असा जीव येत नाही. आपल्याला वाटते ते असे की, या कलावंतांनी दुसऱ्याची श्रद्धा दुसऱ्याची म्हणून समजून घेतली, तिच्यातला दीनांचा कैवार तेवढा ओळखला, आणि तो आपल्या शब्दांनी आणि स्वरांनी त्याला परत दिला. स्वतः न मानलेल्या देवापुढे उभ्या असलेल्या माणसाचे मन इतक्या आपुलकीने गाता येणे, हा सामावून घेण्याचा फार मोठा प्रकार आहे. आपण नेहमी असे बोलतो की, समाजाने यांना स्वीकारले. हिशेब नीट मांडला तर दिसते की, स्वीकार आधी त्यांनी आपला केला. आपण केवळ त्यांचे गाणे घेतले.

कल्याण हे या घराण्याचे गाव झाले, याला आम्ही नुसता योगायोग मानीत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, ती कल्याणास पोहोचली. कल्याणला रूळ फुटतात; एक वाट कसाऱ्याकडून नाशिक-खानदेशात जाते, दुसरी कर्जतकडून पुणे-सोलापुरात. घाटावरून पोटासाठी उतरणारा माणूस येथे येऊन टेकतो. १९४७ नंतर सिंधी निर्वासित येथल्याच लष्करी छावणीत येऊन राहिले आणि उल्हासनगर वसले. जवळच मलंगगड आहे. तेथील हाजी मलंगाच्या दर्ग्याची वहिवाट केतकर या ब्राह्मण घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिच्यासंबंधीचे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्या स्थानाविषयीचा तंटा आजही मिटलेला नाही. म्हणजे एकत्र नांदण्याची सोय आणि एकत्र नांदण्यातली अडचण, दोन्ही या मुलखाला ठाऊक आहेत. अशा ठिकाणी भीमगीत, विठ्ठलगीत आणि कव्वाली एका गळ्यात वस्तीला आली, तर त्यात नवल नाही.

आणि गाण्याला येथे आणखी एक घर मिळाले, ते म्हणजे लोकल गाडी. सकाळच्या गाडीत ठराविक डब्यात भजनी मंडळे बसतात. पिशवीतून टाळ निघतात, डब्याच्या पत्र्यावर ठेका धरला जातो आणि कल्याणपासून मुंबईपर्यंत भजन चालते. तेथे तुकोबांच्या अभंगाशेजारी शिंदे यांचे गाणे सहज बसते. कोणी पोथी पाहून निवड करीत नाही. त्या तासाभरात खांद्याला खांदा लागलेला असतो, शेजाऱ्याचा घाम आपल्या सदऱ्याला लागतो, आणि कोण कोणाचा हे कोणी विचारीत नाही. ही समता खरी की गर्दीने लादलेली, असा प्रश्न आम्ही स्वतःस पुष्कळदा केला आहे. उत्तर स्टेशनावर उतरल्यावर मिळते. पुलावरून माणसे पूर्वेला आणि पश्चिमेला वळतात, आळ्या आणि वस्त्या आपापली माणसे उचलून नेतात.

१९८० नंतरच्या दशकात कॅसेट आली आणि गाणे फारच स्वस्त झाले. तबकडीचे यंत्र थोड्यांकडे होते. टेपरेकॉर्डर पानाच्या गादीवर, रिक्षात, न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसला. प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद याच काळात पुढे आले. आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्याने एकच धमाल उडवून दिली. बैठकीच्या खोलीने नाक मुरडले; मराठी गाणे बिघडले असे लेख आले असतील, आणि आमच्याच तोंडून तसे उद्गार निघाले आहेत. परंतु लग्नाच्या वरातीत त्याच गाण्यावर कोणाकोणाचे पाय हलले, हे आम्ही पाहिले आहे. अभिरुचीच्या नावाखाली आपण कित्येकदा माणसांची वर्गवारी करीत असतो. सगळेच चौकातले गाणे उत्तम असते असा आमचा दावा नाही; पण ते ऐकण्यापूर्वीच खिडकी लावणे ही अभिरुची नव्हे.

हा अनुभव आपल्याच देशाचा आहे असेही नाही. अमेरिकेत मॅरियन अँडरसन ही थोर निग्रो गायिका. युरोपात तिचा गौरव झालेला. १९३९ साली वॉशिंग्टनमधील कॉन्स्टिट्यूशन हॉल तिला तिच्या वर्णामुळे नाकारण्यात आला. तेव्हा ९ एप्रिल रोजी, ईस्टरच्या रविवारी, लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर उभी राहून ती गायिली आणि सुमारे ७५ हजार माणसांनी ते उघड्यावर ऐकले. पुढे सॅम कूक नावाचा गायक झाला. १९५७ पासून त्याची प्रेमगीते गोऱ्यांच्या घरांतही वाजत होती. ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझियाना प्रांतातल्या श्रीव्हपोर्ट येथे तो जागा राखून एका हॉटेलात उतरावयास गेला, तर त्याला दारातून परत लावले, आणि त्याने आवाज चढविला तेव्हा अटक केली. त्याच्या रेकॉर्डी ज्या घरांत चालत त्या घरांतली माणसे त्या हॉटेलात निवांत झोपत होती. त्यानंतर थोड्याच महिन्यांत बदलाची आशा सांगणारे त्याचे ते प्रसिद्ध गीत ध्वनिमुद्रित झाले. चोखोबांची समाधी, लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्या, श्रीव्हपोर्टच्या हॉटेलचे दार: ठिकाणे निराळी, उंबरा एकच.

येथे कोणी म्हणेल, गाण्याकडून एवढी अपेक्षा कशाला? गाणे ऐकावे, आनंद घ्यावा, घरी जावे. गाण्याने समाज बदलतो काय? एकट्या गाण्याने बदलत नाही, हे आम्हांस मान्य आहे. पंढरीचे दार अभंगांनी उघडले नाही. त्यासाठी एका माणसाला प्राण पणाला लावावे लागले, आणि दुसऱ्या माणसाला आयुष्यभर झगडून राज्यघटनेत अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे कलम येईपर्यंत थांबावे लागले. परंतु त्याच घटनाकाराने २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बजावून सांगितले की, बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता वरवरचीच राहतील. बंधुता कायद्याने लावता येत नाही. ती परिचयाने येते, एकत्र जेवण्याने येते, एकमेकांच्या दुःखाला ओळख देण्याने येते. त्या ओळखीचा पहिला निरोप घेऊन गाणे दारात येते. निरोप ऐकणे आणि निरोप्याला आत बोलावणे, या पुढच्या पायऱ्या आपल्या आहेत. त्या गाणे चढून देत नाही.

२००४ साली प्रल्हाद शिंदे गेले. त्याच वर्षी वामनदादा कर्डकही गेले. परंतु घराण्याचे गाणे थांबले नाही. आनंद शिंदे यांचे पुत्र आदर्श शिंदे हे आजचे आघाडीचे मराठी गायक आहेत. २०१३ साली 'दुनियादारी' चित्रपटात त्यांनी इतर गायिकांसमवेत गायिलेले 'देवा तुझ्या गाभाऱ्याला' हे गाणे तरुण मुलामुलींच्या तोंडी झाले. गाणे प्रेमाच्या व्यथेचे आहे, चित्रपटातले आहे. पण शीर्षकातला शब्द ऐकताच आम्ही थांबलो. गाभारा! १९४७ पर्यंत ज्या घराण्याच्या जातीला देवळाची पायरी बंद होती, त्या घराण्यातला नातू देवाला गाभाऱ्यासंबंधी बोल लावीत आहे, आणि सबंध महाराष्ट्र त्याच्या सुरात सूर मिळवीत आहे. २०१९ साली दूरचित्रवाणीवर बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका सुरू झाली, तिचे शीर्षकगीतही याच गळ्यातून आले. आजोबांप्रमाणे नातवानेही दोन्ही मंडप सोडले नाहीत.

मग उंबरा आता उरला नाही काय? देवळाचा गेला, कायद्याचा गेला. आमच्या मते तो आता इमारतीच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहावयास आला आहे. भाड्याने जागा पाहण्यास माणूस आला म्हणजे नोकरी कोठे, पगार किती हे विचारून झाल्यावर एक प्रश्न सहज म्हणून टाकला जातो: "आडनाव काय म्हणालात?" आणि आडनावाने उलगडा झाला नाही तर, "मूळ गाव कोणते?" आमच्या एका तरुण स्नेह्याला या दोन प्रश्नांनंतर तीन ठिकाणी जागा 'नुकतीच गेली' असे कळले. तिसऱ्या घरात गणपती बसलेला होता, आणि आतल्या खोलीत कोणते गाणे चालले होते ते आम्ही सांगण्याची गरज नाही. तो स्नेही हसून म्हणाला, "आवाजाला जागा आहे, आम्हाला नाही." त्याच्या हसण्यात राग नव्हता. असता तर बरे वाटले असते.

म्हणून या वसंतात आमची श्रोत्यांना एक साधी विनंती आहे. या दोन मंडपांतले अंतर फार नाही. रुळांवरचा एक पूल आहे. व्याख्यान संपल्यावर एखाद्या संध्याकाळी तो ओलांडावा आणि जयंतीच्या मंडपात मागच्या रांगेत जाऊन उभे राहावे. कोणी अडविणार नाही. उलट बसायला जागा करून देतील, पाण्याचा पेला पुढे करतील. गाणे ओळखीचेच निघेल, निदान गळा तरी. आणि पुढच्या वर्षी आपल्या मंडपात चार खुर्च्या अधिक मांडाव्यात, आणि त्या भरतील असे बोलावणे स्वतः जाऊन करावे.

त्या संध्याकाळी खिडकीचा खिट्टा लावला, तो हात आमचाच होता. व्याख्यान पुढे व्यवस्थित पार पडले. काय ऐकले ते आम्ही विसरलो. जे ऐकू नये म्हणून खिडकी लावली, ते मात्र अजून कानात आहे.